बर्फ किती धरलाय ते बघ

माझा बाप केळीची गाडी चालवायचा. सावदा-रावेरकडं माल भरायचा आणि थेट दिल्ली, कधी त्याच्याही पुढं पंजाबात. केळीचा घड झाडावरून कापला तरी माल जिवंतच असतो, तो श्वास घेत राहतो, गरम होत जातो, आतल्या आत पिकत जातो, त्यामुळं बाप वाटेत दोन घास खायला बसला तरी त्याचं निम्मं लक्ष ताडपत्रीखाली असायचं. वास बदलला का, मधला थर तापला का. या मालाच्या नादात त्यानं माझ्या मोठ्या बहिणीचा साखरपुडा चुकवला, त्यावरून आई अजून ऐकवते. त्याचं एकच म्हणणं, "भो, मानूस थांबी जास, माल थांबस नही."

मी पारोळ्याकडचा. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि गाडीत हिंदी असं आमचं चालतं. बारावीला इंग्रजीनं दगा दिला आणि मी पण स्टेअरिंगलाच बसलो. आधी कापसाच्या गाठी ओढल्या, मग सिमेंट, मग सळई. सळईसारखा दुसरा माल नाही, आठ दिवस रस्त्यात उभी राहिली तरी सळईच राहते. मी खुश होतो. मग २०१२ साली एका मित्रानं सांगितलं की गॅसच्या टँकरवर माणूस पाहिजे, पगार बरा आहे, भत्ता वेगळा, पण आधी ट्रेनिंग करावं लागेल. मला वाटलं घरगुती गॅस असेल. तसं काही नव्हतं. ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन, आणि तेही गॅस नाही तर पातळ, पाण्यासारखे, फक्त इतके थंड की थंड हा शब्दच तिथं कामाचा नाही. ऑक्सिजन उणे १८३, आर्गॉन उणे १८६, नायट्रोजन उणे १९६.

घातक मालाची गाडी चालवायची म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियमातल्या नियम ९ प्रमाणे तीन दिवसांचा कोर्स, मग लायसनवर तसा शेरा. तो झाला. त्यानंतर प्लांटवरचं ट्रेनिंग. तिथले सर मोठ्या हौसेचे, त्यांनी एका भांड्यात नायट्रोजन ओतला, धुरासारखं पांढरं खाली सांडत होतं, आणि खिशातून काय काढावं तर केळ. ते बुडवलं, मिनिट-दोन मिनिटं धरलं, बाहेर काढलं आणि त्या केळ्यानं लाकडात खिळा ठोकला. ठक ठक ठक. सगळी पोरं टाळ्या वाजवत होती आणि मी आपला गप. माझ्या बापानं उभ्या आयुष्यात जी केळी एक तास थोपवता आली नाही ती इथं एका माणसानं दोन मिनिटांत जागच्या जागी थांबवून ठेवली होती.

घरी येऊन बापाला सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मंग ती खायाले कशी लागस?" मी म्हटलं, खायची नसते, वितळली की काळी पडून लगदा होतो. "मंग काय फायदा," म्हणाला आणि बिडी पेटवायला बाहेर गेला.

तर हे टँकर म्हणजे मोठ्ठा थर्मास. आत स्टेनलेस स्टीलची टाकी, तिच्यावर साध्या लोखंडाची दुसरी टाकी, दोन्हीच्या मधली हवा काढून घेतलेली आणि तिथं पर्लाइट नावाची पांढरी भुकटी भरलेली. माझ्या पोरीनं आठवीत असताना मोबाईलवर शोधून मला सांगितलं होतं की जेम्स ड्यूअर नावाच्या माणसानं १८९२ साली असली दुहेरी बाटली केली, ती थंड द्रव साठवायलाच केली होती, चहा त्यात लोकांनी नंतर भरला. मग त्या ड्यूअरनं पेटंटच घेतलं नाही आणि थर्मासवाल्यांनी पैसे कमावले, हे ऐकून मला त्या माणसाबद्दल फार वाटलं. आपल्या खान्देशातलाच कोणी असावा असं वाटलं.

आणि हा माल येतो कुठून तर हवेतून. हे मला खरंच पटत नव्हतं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, एका टक्क्याच्या आत आर्गॉन. हवा दाबायची, गार करायची, परत दाबायची, शेवटी तिचं पाणी होतं आणि मग उंच टॉवरमध्ये ते पाणी उकळवून वेगळं करायचं. सर इंग्रजीत काय काय सांगत होते आणि माझ्या शेजारी बसलेला शिरपूरकडचा पावरा पोरगा हळूच म्हणाला, "हे तर आमच्याकडं मोहाची काढतात तसंच झालं." अगदी तसंच. ज्याला कमी ऊब लागते ते आधी वर उडतं, म्हणजे नायट्रोजन, आणि जड ऑक्सिजन खाली तळाला राहतो. सातपुड्यात मडक्यांवर जे होतं तेच इथं पाच-सात मजली स्टीलच्या नळात होतं, फरक एवढाच की तिथं जाळ लागतो आणि इथं बाहेरची साधी हवाच जाळासारखी.

ही गोष्ट डोक्यात बसली की मग सगळं काम समजतं. आपल्या दृष्टीनं डिसेंबरची पहाट थंड असेल, धुळ्यात लळिंगच्या पायथ्याशी दात वाजत असतील, पण टाकीतल्या ऑक्सिजनला ती भट्टीच. मग भुसावळचा मे महिना विचारूच नका. बाहेर ४५, आत उणे १८३, मधला फरक २२८ अंश आणि दोघांच्या मध्ये विताएवढी रिकामी जागा. कितीही चांगला थर्मास असला तरी ऊब थोडी थोडी आत शिरतेच, थोडा माल उकळतोच, आणि एक लिटर ऑक्सिजनचा गॅस झाला की साधारण ८६० लिटर होतो. बंद टाकीत तो जाईल कुठं? प्रेशर चढतं. म्हणून मागच्या पेटीत काटा असतो आणि माझं खरं काम त्या काट्याकडं बघणं आहे, गाडी तर कोणीपण चालवतो. काटा चढला की सुरक्षित मोकळी जागा बघून थोडं वेंट करायचं, नाही केलं तर सेफ्टी व्हॉल्व्ह स्वतःच उडतो, आणि तोही अडकला तर त्याच्यामागं फुटणारी चकती असते. टाकी पूर्ण बंद करून निवांत झोपलो असं या धंद्यात नाही. तिला श्वास सोडायला जागा ठेवावीच लागते.

एकदा माझा सेफ्टी मुकटीजवळ एका धाब्यावर उडाला. चूक माझीच, भूक लागलेली, शेवभाजीचा वास सुटलेला, काटा न बघताच उतरलो. पहिला घास तोंडात आणि तिकडं शिट्टी सुरू, पांढरा लोट, खाटांवरची माणसं ताटं टाकून शेतात पळाली, एक जण तर अनवाणी कापसात घुसला. मी धावत जाऊन धाबेवाल्याला आधी तंदूर झाक म्हणून ओरडलो, कारण ऑक्सिजन स्वतः जळत नाही पण जिथं विस्तव असेल तिथं त्याला पिसाळून सोडतो. पाच मिनिटांत सगळं शांत. मग म्हातारा धाबेवाला माझ्याकडं आला.

"काय शे रे तुन्हा टँकरमा?"

"हवा शे, बाबा."

"हवा?" त्यानं त्या अठरा चाकांकडं पाहिलं. "आठे हवा काय कमी व्हती का?"

तेव्हापासून त्या धाब्यावर मी गाडी चांगली दोनशे मीटर लांब लावतो आणि चालत जातो. तो मला हवावाला म्हणतो.

तो पांढरा लोट म्हणजे ऑक्सिजन नसतो बरं का. तो दिसतच नाही. थंडीनं आजूबाजूच्या हवेतली वाफ गोठते तिचं ते धुकं. पातळ ऑक्सिजन मात्र फिकट निळा असतो, मी दोनदाच पाहिलाय, नीळ घातलेल्या धोतराच्या शेवटच्या पाण्यासारखा.

भाजणं हा दुसरा विषय. पहिल्याच वर्षी एका नळावर उघडं बोट टेकलं, टेकलं म्हणजे चिकटलंच, ओढून काढलं तर कातडी तिथं राहिली. घरी आल्यावर आईनं फोड पाहिला. मी सांगितलं थंडीनं भाजलं. "थंडघाई कधी हात भाजस का रे?" तिला वाटलं मी दारू पिऊन सायलेन्सरला हात लावला. दोन दिवस बोलत नव्हती. आता मी कातडी हातमोजे ढिले घालतो, म्हणजे आत काही उडालं तर झटकून टाकता येतात, पँट बुटाच्या बाहेर, तोंडावर काच. आणि तेल नाही. हातमोज्याला तेल नाही, पान्याला ग्रीस नाही, माल खाली करायच्या दिवशी डोक्याला पण नाही. बायको म्हणते तुमचे केस या नोकरीनं गेले. असतील.

नायट्रोजनच्या गोष्टी त्या मानानं हलक्याफुलक्या. गावोगाव जनावरांचे डॉक्टर जो ॲल्युमिनियमचा छोटा डबा मोटारसायकलला बांधून फिरतात त्यात नायट्रोजनच असतो आणि त्यात वळूचं वीर्य भरलेल्या काड्या. आमच्या गल्लीतला एक काका म्हणतो, "तू मोठा बैल नेस, तो बारका बैल आनस." हसू येतं, पण नायट्रोजनची भीती मला ऑक्सिजनपेक्षा जास्त. ऑक्सिजन आग लावून निदान सांगतो तरी. नायट्रोजन बंद खोलीत सुटला की वास नाही, रंग नाही, गुदमरतंय असंही वाटत नाही, माणूस नुसता खाली बसतो. एवढंच सांगतो, पुढचं नको.

माझा नेहमीचा रस्ता सुरतेकडच्या एका प्लांटवरून नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारी घाट, साक्री, धुळे आणि मग पारोळा-एरंडोलवरून जळगाव-भुसावळ. कागदावर हा आता ५३ नंबरचा हायवे आहे पण आमच्याकडं अजून सहा नंबरच म्हणतात. भरलेली गाडी एकवेळ परवडते. पूर्ण रिकामी पण परवडते. वाईट असते ती अर्धी. आत पडदे असतात तरी पातळ माल हेलकावे खातोच, ब्रेक मारला की एक क्षण गाडी थांबते आणि मग माल येऊन पाठीत ढकलतो, वळणावर गाडी सरळ झाली तरी माल अजून वळतच असतो. धुळ्यात निम्मा खाली करून जळगावला निघालो की मी नव्या नवरीला घेऊन चालल्यासारखा चालवतो. मागून पोरं हॉर्न मारून शिव्या देत जातात. देऊ दे.

आता हॉस्पिटलचं सांगतो, कारण मला खरं तर तेच सांगायचंय.

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, बहुतेक ठिकाणी शवागाराच्या किंवा धोबीघाटाच्या शेजारी, जाळीच्या कंपाउंडमध्ये एक उभी पांढरी टाकी असते. टँकर लावायची जागा सिमेंट काँक्रीटची पाहिजे. डांबर नको. डांबरावर पातळ ऑक्सिजन सांडला आणि त्यावर साधा हातोडा पडला किंवा कोणी जोरात पाय आपटला तरी स्फोट होऊ शकतो. एका लहान हॉस्पिटलात मी डांबर बघून माल खाली करायला नकार दिला होता, तिथले साहेब मला म्हणाले ड्रायव्हर आहेस, ड्रायव्हरसारखा राहा. मी राहिलो. ड्रायव्हरसारखाच केबिनमध्ये बसून राहिलो चार तास, काटा बघत, शेवटी प्लांटवरून फोन आल्यावर त्यांनी दुसऱ्या बाजूचं गेट उघडलं. त्या चार तासांत मला कोणी संडासची किल्ली पण दिली नाही. ती वॉर्डबॉयकडं होती आणि वॉर्डबॉय जेवायला गेला होता.

होज, म्हणजे माल सोडायचा पाइप, जोडायचा, आधी थोडा गॅस सोडून तो साफ करायचा, गार करायचा, मग पंप. होज हळूहळू पांढरा होतो, कडकड आवाज करतो, शेवयांसारखा बर्फ धरतो. टाकी भरत आली की एका बारक्या नळीतून गॅसच्या ऐवजी पातळ थुंकायला लागतं, ती खूण, बंद करायचं, वर थोडी जागा सोडायचीच.

आणि टाकीच्या शेजारी असतो वेपोरायझर. उभे ॲल्युमिनियमचे नळ, प्रत्येकाला चहूबाजूंनी पाकळ्या. टाकीतला पातळ माल त्यातून जातो, बाहेरच्या हवेची ऊब घेऊन गॅस होतो आणि पाइपानं वॉर्डात. ना वीज, ना मोटर, नुसती हवा. त्यामुळं त्या नळांवर बर्फ धरतो. मे महिन्यात, ४५ डिग्रीत, लोक झाडाखाली ओला रुमाल तोंडावर टाकून पडलेले आणि इथं हिमालय. गल्लीतली कुत्री त्याच्याखाली पोट टेकून झोपतात. माझ्या रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात एक वॉचमन नाना होते, एसटीतून रिटायर झालेले, ते आपला ताकाचा तांब्या त्या जाळीला टेकवून ठेवायचे. मी त्यांना दहा वेळा सांगितलं की नाना जाळीच्या आत जाऊ नका. "मी कोठे जास, तांब्या जास," म्हणायचे.

त्या नानांनीच मला एक गोष्ट शिकवली जी ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितली नव्हती. ते म्हणाले, बर्फ किती धरलाय ते बघ, मझार किती जण शेत ते समजस, म्हणजे आत किती पेशंट आहेत ते कळतं. बरोबर होतं त्यांचं. आत गॅस जितका जास्त खेचला जाईल तितकं जास्त थंड नळांतून पुढं सरकतं, तितका बर्फ वर वर चढत जातो. एरवी पहिल्या दोन-तीन नळांच्या बुडाशी पांढरं दिसायचं. ऑपरेशनच्या दिवशी थोडं जास्त. थंडीत दम्याची म्हातारी माणसं वाढली की अजून थोडं. मी गेटातून गाडी मागं घेतानाच आरशात बघायचो.

एप्रिल २०२१ मध्ये सगळे नळ खालपासून वरपर्यंत पांढरे झाले.

ते कोरोनाचे दिवस सगळ्यांनी आपापल्या जागेवरून पाहिलेत, मी केबिनमधून पाहिले. आमच्या नायट्रोजन-आर्गॉनच्या गाड्या साफ करून ऑक्सिजनला लावल्या गेल्या. गाडीला अँब्युलन्ससारखा मान. जो पोलीस एरवी काठीनं बोनेट वाजवायचा तो पुढं मोटारसायकल घालून रस्ता काढून देत होता. धाबे बंद. बायकोनं कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून दिलेला, तोच दोन दिवस. प्लांटवर गाड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीच्या कागदावर कलेक्टर ऑफिसचा शिक्का की ही कुठल्या जिल्ह्याची.

मी रात्री घाट चढताना मनात हिशोब करायचो, ती वाईट सवय लागली. माझ्या मागं १६ टन. गॅस केला तर जवळजवळ १२ हजार घनमीटर. मोठ्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर मावतो, म्हणजे सोळाशे-सतराशे सिलिंडर. एक पेशंट मिनिटाला दहा लिटरवर असेल तर दिवसाला त्याला दोन सिलिंडर. म्हणजे आठशे माणसं एक दिवस. नुसती एक दिवस. मग उद्या परत. आणि दहावर कोण होतं तेव्हा, किती तरी जण त्याच्या पुढं होते. कोंडाईबारीच्या वळणावर गिअर बदलताना हा आठशेचा आकडा पाठीत ढकलायचा, माल हेलकावतो तसाच.

१९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले, ती पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. घाटातले बोगदे आणि पूल टँकरच्या उंचीला जमत नव्हते म्हणून गाडी वसई, सुरत आणि मग आपल्या तापी लाइननं नंदुरबार, जळगाव, भुसावळ अशी फिरवून नेली. आमच्या ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरत होते. टँकर उभा, त्याच्याखाली रेल्वे चालतेय. बाप माझ्या फोनवर तो व्हिडिओ तीन वेळा बघून म्हणाला, आमच्या वेळी केळीचे डबे याच लाइनीनं जायचे. नंदुरबारचं आम्हाला त्या वेळी फार कौतुक वाटायचं. तिथले तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड, ते मूळचे साक्री तालुक्यातले सामोड्याचे, त्यांनी हवेतून जागेवरच ऑक्सिजन काढणारे प्लांट आधीच बसवून घेतले होते. टँकरचा ड्रायव्हर असून मी म्हणतो, टँकरची वाट बघायची वेळच येऊ नये हे सगळ्यात चांगलं.

आणि २१ तारखेला नाशिक. तिथल्या एका हॉस्पिटलच्या टाकीत ऑक्सिजन भरताना गळती झाली, सगळीकडं पांढरं धुकं, आणि प्रेशर पडल्यामुळं व्हेंटिलेटरवरचे आणि ऑक्सिजनवरचे २२ पेशंट गेले असं त्या दिवशी सांगितलं गेलं. मी त्या वेळी साक्रीच्या पुढं होतो. मोबाईलवर तो लोट पाहिला आणि गाडी बाजूला घेतली. मला त्या धुक्यात काय चाललं असेल ते सगळं दिसत होतं, कुठला नट, कुठला जॉइंट, कोणाचे हात. त्या रात्री हॉस्पिटलला पोचलो तर होज जोडताना माझेच हात ऐकत नव्हते. नाना जाळीबाहेर उभे राहून बॅटरी धरून होते. पंप चालू झाल्यावर मी प्रत्येक जॉइंटजवळ कान नेऊन ऐकला.

नानांचं काम तेव्हा बदललं होतं. बर्फ इतका जाड व्हायचा की नळांना हवा लागेना, हवा लागली नाही की गॅस नीट होत नाही, वॉर्डात प्रेशर पडतं. म्हणून रात्रभर पाइपनं त्या बर्फावर पाणी मारत राहायचं. दिवसा एक पोरगा मारायचा आणि रात्री नाना. उन्हाळा, वस्तीत चार दिवसांनी नळाला पाणी, आणि इथं म्हातारा रात्रभर बर्फाला पाणी पाजतोय. पायात स्लिपर, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, मास्क हनुवटीवर. त्यांच्या मागं भिंतीला टेकून पेशंटचे नातेवाईक झोपलेले असायचे, त्यातला कोणीतरी उठून पाइप हातात घ्यायचा. एका बाईनं मला विचारलं होतं, भाऊ, हे पाणी जास्त मारलं तर आत जास्त जाईल का? मी हो म्हटलं. तसं नसतं ते. पण ती पहाटेपर्यंत मारत होती.

१४ मेला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती. मी त्या दिवशी भरलेली गाडी घेऊन आमच्या गावाच्या फाट्यावरून गेलो, घर तिथून दोन किलोमीटर. दरवर्षी निंबाला झोके बांधलेले असतात, माहेरवाशिणी गाणी म्हणत असतात, त्या वर्षी एकही दोर दिसला नाही. बहिणीला यायला मिळालं नव्हतं. बाप फाट्यावर येऊन उभा होता, हातात पिशवी, त्यात खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस, रसाचा डबा ओल्या फडक्यात गुंडाळलेला. मी ब्रेकवर पाय ठेवला तसा त्यानं लांबूनच हात हलवला, थांबू नको. मी गाडी हळू केली, क्लीनरनं खाली वाकून पिशवी ओढून घेतली, बस. आरशात तो बराच वेळ दिसत होता.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि माझी त्या हॉस्पिटलची खेप दिवसाआडवरून आठवड्यावर आली. आम्हाला एका ठिकाणी शाल दिली होती, नारळ दिला होता, मग हळूहळू तेही थांबलं आणि संडासची किल्ली परत वॉर्डबॉयकडं गेली. असो.

त्या जूनमधली एक संध्याकाळ. गाडी मागं घेताना सवयीनं आरशात पाहिलं. नळ उघडे. ॲल्युमिनियम चमकत होतं, पावसाचं पाणी ओघळत होतं, फक्त पहिल्या दोन नळांच्या बुडाशी वीतभर पांढरं. मी उतरलो तर नाना पाइप गुंडाळत होते, पायाचा अंगठा लावून वेटोळं दाबत, एसटीत टायरला दोर गुंडाळतात तसं.

"काय नाना, बर्फ कमी व्हयना."

"व्हय ना. आते चार-पाचच ऱ्हायनात मझार."

एवढंच बोलले. बाकीचे कुठल्या गेटनं गेले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टाकीच्या या बाजूला शवागाराचा दरवाजा होता, त्या बाजूला रिक्षा स्टँड. नानांनी ताकाचा तांब्या उचलून पुढं केला. गार नव्हता. मी पिऊन घेतलं आणि होज काढायला गेलो.